ई-निविदेचे घड्याळ आणि आपली पोरे

मार्च २०२५ चा शेवटचा आठवडा. नांदेडच्या कोर्टातून आम्ही संध्याकाळी कार्यालयात परतलो, तेव्हा बाहेरच्या बाकावर एक तरुण बसून होता. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत जुना लॅपटॉप आणि चेहरा असा की घरात मयत झाली असावी. देगलूरकडचा पोरगा. बापाने जन्मभर गिट्टी फोडली, आई रोजगार हमीच्या कामावर गेली आणि पोराने स्थापत्यची पदविका घेतली. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून त्याने नाव नोंदवले, दोन-तीन लहान कामे केली आणि या वेळी पहिल्यांदा जरा मोठ्या कामाला हात घातला होता.

"साहेब, निविदा गेलीच नाही. चार मिनटं. फक्त चार मिनटं."

काम होते एका बौद्ध वस्तीतल्या सिमेंट रस्त्याचे आणि नालीचे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची जी योजना आहे, जिला खेड्यातली माणसे अजून दलित वस्ती सुधारच म्हणतात, त्या योजनेचे. म्हणजे वस्ती आपली, निधी आपल्या नावाचा, पण काम घेणारा बहुधा दुसराच. हे बदलावे म्हणून हा पोरगा उतरला होता. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. त्याने आम्हाला मोबाइलवर काढलेला पडद्याचा फोटो दाखवला. वरच्या कोपऱ्यात सर्व्हरचे घड्याळ होते, १७:०४.

कार्यालयाचे नाव आम्ही येथे घेत नाही. प्रकरण अपिलात आहे आणि आमचे भांडण एका कार्यालयाशी नाही.

त्या दिवसाचा हिशेब आम्ही त्याच्याकडून मिनिटामिनिटाने लिहून घेतला. वकिलाची सवय. बयाणा रक्कम दुपारी दोनला भरली. पैसे खात्यातून वजा झाले, पण निविदेच्या पानावर जमा दिसायला साडेतीन वाजले. मग कागद स्कॅन करायला तो नेहमीच्या ऑनलाइनवाल्याच्या दुकानात गेला. तिथे आधीच चौघे बसलेले, मार्चअखेर ना! चार पंचविसला लाइट गेली, ती पाचला दहा कमी असताना आली. अनुभवाच्या दाखल्याची फाइल जड, ती चढेना, म्हणून लहान केली. लिफाफा क्रमांक एक चढला. दर भरलेला तक्ता चढायला चार अठ्ठावन्न झाले. आता राहिले होते शेवटचे बटण, ज्याला त्या प्रणालीत 'फ्रीज' म्हणतात. ते दाबले की देकार कायम होतो आणि तारीख-वेळेसह पावती निघते. पान फिरत राहिले, फिरत राहिले आणि मग पाटी आली की मुदत संपली आहे.

"साहेब, पेटी असती तर मी पळत जाऊन लिफाफा टाकला असता," पोरगा म्हणाला.

योगायोगाने आमचे एक जुने अशील त्या वेळी बसलेले होते. लातूर जिल्ह्यातले, सत्तरीला टेकलेले. ऐंशीच्या दशकापासून लहानसहान सरकारी कामे केलेला माणूस. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. ते हसले आणि म्हणाले, "पेटीपोतुर पोचू दिलं असतं का रं तुला?"

काका जे बोलले ते आमच्या तरुण वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. निविदा पेटीत पडायची तेव्हा आधी कोरा फॉर्म विकत घ्यावा लागे. फॉर्म घ्यायला गेले की फॉर्म संपलेले असत, किंवा बाबू रजेवर असे, किंवा कपाटाची किल्ली साहेबांच्या घरी असे. आडनाव विचारले जाई. फॉर्म मिळालाच तर कुणी घेतला ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या ठेकेदारांना कळे. मग चहाच्या हॉटेलात बैठक बसे. हे काम अमक्याचे, ते तमक्याचे, बाकीच्यांनी नावापुरत्या चढ्या दराच्या निविदा टाकायच्या. यालाच रिंग म्हणत. रिंगमध्ये आपला माणूस नसे, आणि असला तर तो चढ्या दराची नावापुरती निविदा टाकायलाच असे. एवढे होऊनही कुणी हिंमत करून लाखेची मोहर लावलेला लिफाफा घेऊन निघाला, तर कार्यालयाच्या फाटकात चार माणसे उभी असत. काका एकदा लिफाफा सदऱ्याच्या आत घालून, भाकरीचे फडके हातात घेऊन, मजुराच्या वेशात आत गेले होते. लिफाफा पेटीत पडला. काम मिळाले नाही, मार मात्र मिळाला.

आणि वेळेचे काय? भिंतीवरचे घड्याळ साहेबाचे. पाचला पेटी बंद असा नियम, पण पुढाऱ्याचा भाचा साडेपाचला आला तर पेटीला कुलूप लागलेले नसे. आमचा माणूस पाचला पाच कमी असताना आला, तर शिपाई म्हणे, वेळ झाली. काकांनी हे दोन्ही प्रकार डोळ्यांनी पाहिले आहेत.

म्हणून ई-निविदा आली तेव्हा आम्ही तिचे स्वागत केले होते, आणि आजही त्याचा पश्चात्ताप नाही. २६ नोव्हेंबर २०१४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात तीन लाखांवरच्या खरेदीला आणि कामांना ई-निविदा सक्तीची झाली. ही मर्यादा पुढे बदलत गेली, पण वाट तीच राहिली. महाटेंडर्सचे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रणालीवर चालते. तिथे फॉर्म संपत नाही. फाटकात माणसे उभी राहू शकत नाहीत. किती जणांनी देकार दिला, कुणी दिला, हे मुदत संपेपर्यंत कळू नये अशी तिची रचना आहे. दर कुलूपबंद असतात आणि ते उघडायला नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या लागतात. यंत्राला आडनाव विचारता येत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके दारातच अडवले गेले, त्याला ही काही लहान गोष्ट नव्हे.

येथे आमचे काही कार्यकर्ते मित्र नाक मुरडतील. ठेकेदारी हा का मुक्तीचा मार्ग? २००५ मध्ये डिक्की स्थापन झाली, तिचे संस्थापक मिलिंद कांबळे आमच्याच लातूर जिल्ह्यातले. तेव्हापासून दलित भांडवलशाहीवर चळवळीत वाद झडतो आहे आणि तो झडावा. त्या वादात आमचीही मते आहेत, पण ती पुन्हा कधी. सरकारी ठेक्यांचा प्रश्न मात्र त्या वादाच्या कितीतरी आधीचा आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, सार्वजनिक बांधकामही त्यांच्याच खात्याकडे होते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यात नोकऱ्या आणि शिक्षणाबरोबर केंद्रीय बांधकाम खात्याच्या ठेक्यांचा प्रश्नही त्यांनी मांडला. सरकारचा पैसा कुणाच्या हातून खर्च होतो, हा बाबासाहेबांच्या लेखी हक्काचा प्रश्न होता. आपण नोकरीतल्या राखीव जागांचा लढा लढत राहिलो, जो लढायलाच हवा होता, आणि हे पान उलटायचे राहून गेले.

मराठवाड्याला तर याची किंमत फार जवळून दिसली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातली बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेचा पैसा आला. बांधकामे निघाली. आमच्या माणसांच्या वाट्याला काय आले? बिगारी! घमेली उचलली, रोजी घेतली आणि कामे संपल्यावर पुन्हा ऊसतोडीला गेली. निविदा नावाची चीज असते आणि ती आपणही भरू शकतो, हे सांगणारे तेव्हा वस्तीत कुणी नव्हते. आज ती भरणारा पोरगा वस्तीत आहे. म्हणूनच त्याची चार मिनिटे आम्हाला क्षुल्लक वाटत नाहीत.

आता कायद्याकडे येऊ. त्या तरुणाला आम्ही तोंडावर सांगितले की तुझी बाजू लंगडी आहे. त्याला वाईट वाटले, पण खोटी आशा दाखवून फी घेणे हा आमचा धंदा नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम १३ सांगते की ज्याला इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज पाठवायचा त्याने एखादी संगणक यंत्रणा ठरवून दिली असेल, तर दस्तऐवज त्या यंत्रणेत शिरला की तो पोचला. वाचताना वाटते, अरे, मग आपले कागद तर चार अठ्ठावन्नलाच आत शिरले होते! पण त्याच कलमाच्या तोंडाशी अट आहे की पक्षकारांत वेगळे ठरले नसेल तर. आणि निविदेच्या शर्तींत वेगळे ठरलेले असते. शेवटचे बटण दाबून पावती निघाली तरच देकार आला असे धरले जाईल, शेवटच्या क्षणी जाळे मंद झाले, वीज गेली, तर जबाबदारी देकार देणाऱ्याची, असे तिथे छापलेले असते. त्यावर आपणच डिजिटल सही केलेली असते.

आणि हे केवळ देगलूरच्या पोराच्या बाबतीत झाले आहे असे नाही. मुंबईतल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाची निविदा म्हाडाने काढली होती. बीडीडी चाळी म्हटल्या की आमच्या वाचकांना १९७४ ची वरळी, पँथर आणि भागवत जाधवांचे हौतात्म्य आठवेल. त्या चाळींच्या जागी टॉवर उभारायच्या कामासाठी शापूरजी पालनजीसारखी बलाढ्य कंपनी उतरली. तिचे म्हणणे होते की आम्ही कागद वेळेत चढवले, पावती मात्र निघाली नाही, दोष यंत्रणेचा. एनआयसीचे म्हणणे होते की यंत्रणा ठीक होती, कंपनीने 'फ्रीज' केलेच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो फिरवला. तांत्रिक बाबतीत तज्ज्ञ यंत्रणेने दिलेले मत बाजूला सारून उच्च न्यायालयाने आपले मत तिथे ठेवायला नको होते, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे ज्या बटणावर आमचा पोरगा अडकला, त्याच बटणावर शेकडो कोटींची उलाढाल करणारी कंपनीही अडकली. फरक एवढाच की कंपनीकडे दिल्लीपर्यंत जायला नामवंत वकिलांची फौज होती. आमच्या पोराला औरंगाबाद खंडपीठापर्यंत जायचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, तर अडीचशेहून अधिक किलोमीटरची एसटी, वकिलाची फी आणि तोवर कामाचा कार्यादेश दुसऱ्याच्या हाती. रस्ता तयार झाल्यावर निकाल लागून काय उपयोग?

निविदांच्या बाबतीत न्यायालये हात आखडता घेतात, हे १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून पक्के झाले आहे. न्यायालय अपिलात बसल्यासारखे निविदा तपासत नाही, निर्णय कसा घेतला एवढेच पाहते. त्याआधी १९७९ मध्ये मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या ठेक्यावरून रमण्णा दयाराम शेट्टी प्रकरणात न्यायमूर्ती भगवतींनी बजावले होते की सरकारने स्वतः घातलेल्या अटी सरकारलाही बांधतात, आणि ठेके ही काही सरकारने मर्जीप्रमाणे वाटायची खिरापत नव्हे. हा दुसरा निकाल आमच्या कामाचा आहे. त्याकडे पुन्हा येतो.

उशिराचा हा प्रश्न अमेरिकेतही बराच गाजला आहे. तिथला नियमही कठोर, उशीर तो उशीरच. पण देकार मुदतीआधी सरकारच्या ताब्यात पोचल्याचा पुरावा असेल, तर त्याला एक अपवाद आहे. वॉटरसन कन्स्ट्रक्शन नावाच्या कंपनीने आपला प्रस्ताव ईमेलने वेळेआधी पाठवला. लष्कराच्या यंत्रणेत त्या दिवशी ईमेलचा पूर आला होता, आणि प्रस्ताव संबंधित अधिकाऱ्याच्या पेटीत मुदतीनंतर पडला. २०११ मध्ये तिथल्या फेडरल दाव्यांच्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तिथली लेखापरीक्षण यंत्रणा मात्र अशा तक्रारींत बहुतेकदा कठोरच राहिली आहे. आम्हाला यात महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. कोणत्या क्षणी ईमेल कोणत्या सर्व्हरवर होता, हे तिथे न्यायालयासमोर आले. सरकारच्या यंत्रणेची नोंद उघड झाली, म्हणून निकाल होऊ शकला.

आमच्याकडे ही नोंद कुठे आहे? आहे. प्रत्येक यंत्रणा कोण कधी आले, काय चढवले, कुठे अडकले याची नोंद ठेवते. ती आम्हाला दिसत नाही, एवढेच. पेटीच्या काळात निदान पेटी सगळ्यांसमोर बंद होई. साहेबाने घड्याळ मागे केले तर शिपायाला, चहावाल्याला, उभ्या असलेल्या दहा जणांना दिसे. आज सर्व्हर पाचला बंद झाला की चार अठ्ठावन्नला थबकला होता, हे सांगणारी एकच संस्था, ती म्हणजे तो चालवणारी. आणि न्यायालय म्हणते तिचे मत माना. आपल्याच प्रकरणात आपणच तज्ज्ञ आणि आपणच साक्षीदार!

एनआयसी खोटे बोलते असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणायला आमच्याकडे काही नाही. पण यंत्र म्हटले की ते पवित्र, ही नवी पोथी आम्हाला मान्य नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात २०१८ मध्ये त्या राज्याच्या स्वतंत्र ई-निविदा प्रणालीत हात घालून देकारांचे आकडे बदलल्याचे उघड झाले. आपल्या मर्जीतला ठेकेदार सर्वांत कमी दराचा ठरावा, यासाठी. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हे नोंदवले. सुमारे तीन हजार कोटींची कामे संशयात होती. बाबूच्या कपाटाची किल्ली गेली, पण किल्ली नावाची गोष्ट जगातून गेली नाही.

किल्लीवरून एक कबुलीही द्यायला हवी, कारण सगळा दोष व्यवस्थेवर ढकलून आपण हात झटकणे बरे नव्हे. नांदेड-लातूरमधले आपले किती ठेकेदार, किती मजूर सहकारी संस्था स्वतः निविदा भरतात? डिजिटल सहीचे डोंगल ऑनलाइनवाल्याच्या ड्रॉवरमध्ये पडलेले असते, पासवर्ड त्याच्या वहीत असतो. तोच दुकानदार त्याच कामासाठी दुसऱ्याचीही निविदा भरतो. आपला दर त्याने पाहिला, तो दुसऱ्याला सांगितला आणि दुसरा अर्धा टक्का बिलो गेला, तर कुणाला कळणार? लाखेची मोहर आपणच फोडून दिली की! त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४२ सांगते की सहीची खासगी किल्ली सांभाळण्याची जबाबदारी जिची ती सही त्याच व्यक्तीची. आमचा पोरगाही याला अपवाद नव्हता. त्याचे डोंगल दुकानातच होते. लॅपटॉप पिशवीत होता, पण त्यावर डिजिटल सही चालवण्याचे सॉफ्टवेअर कधी बसवलेलेच नव्हते. लाइट गेली तेव्हा लॅपटॉपची बॅटरी पाऊण भरलेली होती! हे त्याने सांगितले तेव्हा काकांनी कपाळाला हात लावला.

आता आमचे म्हणणे. ते काहींना उलटे वाटेल.

उशीर माफ करा, गरिबाला चार मिनिटे द्या, अशी मागणी आम्ही करणार नाही. ही मागणी आमच्याच पायावर धोंडा ठरेल. उशीर माफ करायचा अधिकार ज्या दिवशी साहेबाच्या हाती जाईल, त्या दिवशी पहिली माफी भाच्याला मिळेल, दुसरी त्याच्या मेहुण्याला. आमच्या पोराची पाळी येईपर्यंत नियम पुन्हा कडक झालेला असेल. पेटीचा इतिहास हेच सांगतो. पाच म्हणजे पाच, हा निष्ठुर नियम दुबळ्याचे चिलखत आहे, कारण तो बलवानालाही लागू होतो. पण मग तो खरोखर लागू होतो की नाही, हे दिसले पाहिजे. आम्हाला दया नको, घड्याळाचा हिशेब हवा.

म्हणजे काय, तर यंत्रणा कोणत्या दिवशी किती वाजता किती मिनिटे मंद किंवा बंद होती, हे सगळ्यांना वाचता येईल असे संकेतस्थळावर लागले पाहिजे, कुणी मागो न मागो. मुदतवाढ द्यायची तर ती शुद्धिपत्रक काढून सर्वांना आणि मुदत संपण्यापूर्वी. एखाद्याच्या फोनवर, मुदत उलटून गेल्यावर, अजिबात नाही. रमण्णा शेट्टी निकाल येथे उपयोगी पडतो, तो असा. आणि ज्याचा देकार अर्ध्यात अडकला त्याला त्याच्या स्वतःच्या प्रयत्नाची नोंद दरांचा लिफाफा उघडण्याआधी मिळाली पाहिजे. ही नोंद दुसऱ्या कुणाचे व्यापारी गुपित नाही, त्याचीच आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह दिली तर ती न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहील, आणि तक्रार खोटी असेल तर तिथेच मिटेल. यात सरकारचा खर्च काय? काही नाही. नोंद तर ठेवलेलीच आहे.

दुसरी गोष्ट जागेची. नांदेडला आणि लातूरला बाबासाहेबांच्या नावाची सामाजिक न्याय भवने उभी आहेत. इमारती प्रशस्त आहेत. त्यात एक खोली, दोन संगणक, वीज गेली तरी चालणारी बॅटरी आणि निविदा कशी भरावी हे शिकवणारा एक माणूस एवढे का असू नये? किनवट-माहूरच्या डोंगरातल्या मजूर संस्थेला दुकानदाराच्या ड्रॉवरपेक्षा हे बरे.

आणि शेवटी मूळ दुखणे. देगलूरहून किंवा उदगीरहून थोडे पुढे गेले की कर्नाटकचा बीदर जिल्हा लागतो. तिथल्या सरकारने निविदांच्या कायद्यात दुरुस्ती करून २०१७ पासून पन्नास लाखांपर्यंतच्या बांधकामांत अनुसूचित जातींना १७.१५ टक्के आणि अनुसूचित जमातींना ६.९५ टक्के कामे राखून ठेवली. २०२३ मध्ये ही मर्यादा एक कोटी केली. सीमेच्या अलीकडे, फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेऊन सभा सुरू करणाऱ्या राज्यात, असा कायदा नाही. येथे बेरोजगार अभियंते, मजूर संस्था आणि खुले ठेकेदार यांच्यात ३३:३३:३४ असे प्रमाण बरीच वर्षे चालले. त्यात जातीचा विचार नव्हता. केंद्राने २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योजकांसाठी चार टक्के ठेवले. ते फक्त केंद्राच्या खात्यांना आणि कंपन्यांना लागू, आणि पहिली अनेक वर्षे प्रत्यक्ष खरेदी त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचली नाही. बीदरच्या पोराने चार मिनिटे उशीर केला तर त्याचे एक काम जाते, पण रांगेत त्याच्यासाठी राखलेली पुढची कामे असतात. आमच्या पोराला दर वेळी उघड्या माळावर बड्या ठेकेदारांशी शर्यत लावायची आहे. १९४२ चे निवेदन हातात घेऊन आपल्या आमदारांना हा प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्या तरुणाच्या वतीने आम्ही रिट केले नाही. माहिती अधिकारात अर्ज केला. त्या दिवशी दुपारी चार ते साडेपाच या वेळेतली त्याच्या स्वतःच्या देकाराची नोंद आणि यंत्रणेच्या स्थितीची नोंद द्या, एवढाच. कार्यालयाने कळवले की ही माहिती आमच्याकडे नसते. मग कायद्याच्या कलम ६ (३) प्रमाणे अर्ज ज्यांच्याकडे ती असते त्यांच्याकडे पाच दिवसांत पाठवायला हवा होता, तो का पाठवला नाही, असे पहिल्या अपिलात विचारले. उत्तर आले की त्या दिवशी यंत्रणेत बिघाड झाल्याची तक्रार प्राप्त नाही. आम्ही तक्रार प्राप्त आहे का असे विचारलेच नव्हते. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे गेले आहे, ते अजून सुनावणीला लागलेले नाही.

दरम्यान रविवारी सकाळी आमच्या कार्यालयात सात-आठ पोरे जमू लागली आहेत. लातूरहून दोघे रेल्वेने येतात. एक जण डिजिटल सही कशी बसवायची ते दाखवतो, दुसरा फाइल लहान कशी करायची ते. काका कोपऱ्यात बसून दरसूची वाचतात आणि कुणी फार बिलो गेला की ओरडतात, कारण तोट्यातल्या कामाचा रस्ता पहिल्या पावसात उखडतो आणि शिव्या वस्तीतल्याच लोकांच्या खाव्या लागतात. देगलूरच्या पोराने दुकानातून डोंगल परत आणले आणि पासवर्ड बदलला. पुढची निविदा त्याने मुदतीच्या दोन दिवस आधी, रात्री साडेदहाला, घरी बसून भरली. काम मिळाले नाही, तो तिसरा आला. पावतीची झेरॉक्स मात्र त्याने आमच्या फायलीत आणून लावली आहे. तिच्यावरची वेळ त्याने लाल शाईने अधोरेखित केली आहे.